चंदरने दारू सोडली

नाशिक रोड,
२० जून १९८२

चि. सौ. पंचशीला हिस,
सप्रेम जयभीम.

मागच्या पत्रांना तुझं उत्तर नाही. जयरामनेही दोन ओळी लिहिल्या नाहीत. माझा धाकटा भाऊ तो. त्याची मुलगी मी सून म्हणून मागितली तेव्हा म्हणाला होता, "अक्का, तुझ्या घरात दिली म्हंजी माझ्याच घरात राहिली." आता तोच गप्प बसलाय. बसू दे.

शाळा सुरू झाली. मला या वर्षी पहिलीचा वर्ग दिलाय. आपली मित्रा शाळेच्या वयाची झाली; तिला यंदा आपल्याच शाळेच्या बालवाडीत घालायचं ठरलं होतं. तिचा फ्रॉकसुद्धा मी शिवून ठेवलाय. आता ती निफाडात तुझ्या आईच्या मागे द्राक्षाच्या बागेत हिंडत असेल. आजी मास्तरीण असून नात मातीत खेळते, हे तुला बरं दिसतं?

तू गेलीस ती मी शाळेत असताना. एका हाताला प्लास्टर, दुसऱ्या हातात पोर. शेजारच्या धोंडाबाईला सांगून गेलीस, मला नाही. मी घरी आले तेव्हा ती तिच्या ओट्यावर उभी राहून ओरडली, "बाई, तुमची सून माहेरी गेली बरं का!" सगळ्या कॉलनीने ऐकलं. या कॉलनीतल्या निम्म्या पोरांना मी मुळाक्षरं शिकवली आहेत. खाली मान घालून जायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

चंदर पितो हे काही मी लपवलं नव्हतं. थोडी घेतो, लग्न झालं की सुटेल, असं जयरामला मी सांगितलं होतं. सगळ्याच आया असं सांगतात.

हाताचं म्हणशील, तर हाड जुळेल असं सिव्हिलच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. मोरीत पाय घसरला असं त्यांना मीच म्हटलं. नाहीतर पोलीस आले असते, त्याची कारखान्यातली नोकरी गेली असती, मग तुम्ही दोघींनी खाल्लं काय असतं? एवढा विचार तू करायला हवा होतास.

मला सुट्टी नाही. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने तू ये. मी काही बोलणार नाही.

तुझी आत्या

*

७ नोव्हेंबर १९८२

चि. सौ. पंचशीला हिस,
सप्रेम जयभीम.

आज तुला वेगळं काही लिहायचं आहे. नीट वाच.

तू गेल्यापासून मी काय काय केलं ते तुला माहीत नाही. चांदवडच्या बाजूला एक भगत आहे, तो दारू सोडवायची पूड देतो. मी, पंचशील म्हणणारी बाई, त्याच्या दारात पोटासाठी नाही तर पोरासाठी बसले. ती पूड चहातून दिली. चंदर दोन दिवस ओकला आणि तिसऱ्या दिवशी पोट रिकामं झालं म्हणून जास्त प्याला. मग एका डॉक्टरने गोळ्या दिल्या. त्या त्याने माझ्यासमोर जिभेवर ठेवल्या आणि अंगणात थुंकल्या.

मागच्या आठवड्यात बाजारात सिव्हिलमधल्या त्या सिस्टर भेटल्या, तुझ्या प्लास्टरच्या वेळी होत्या त्या. लताबाई त्यांचं नाव. "सुनेचा हात कसा आहे?" म्हणाल्या. मी म्हटलं, बरा आहे. त्यांनी मला गर्दीतून बाजूला घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "बाई, शरणपूरला शनिवारी संध्याकाळी मिटिंग असते. दारू सोडलेल्यांची. माझे मिस्टर जातात. लाज वाटून घेऊ नका."

काल गेले. चर्चच्या मागे एक जुनी शाळा आहे. पानाच्या टपरीवर पत्ता विचारला तर टपरीवाला हसून म्हणाला, "बेवड्यांची शाळा होय? सरळ जा, पिंपळाच्या मागं." आतमध्ये खरोखरच शाळेची बाकं. पहिली-दुसरीच्या पोरांची. त्यांत मोठाले बाप्ये गुडघे वर करून बसलेले. मी मागच्या बाकावर बसले. एकेक जण उभा राहून नाव सांगत होता. माझी पाळी आली तेव्हा एकाने म्हटलं, "नुसतं नाव सांगा, आडनाव नको." मी म्हटलं, "चांगुणा." तर सगळे एका सुरात, "वेलकम, चांगुणा!" आणि टाळ्या.

मी घाईने दोन्ही हात हलवले. म्हटलं, "अहो, पिणारी मी नाही, माझा मुलगा पितो!" सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

नंतर तिथले शांतवन सर चहा घेऊन आले. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये आहेत, सर वगैरे काही नाहीत, पण सगळे त्यांना सरच म्हणतात. मी त्यांना विचारलं, मुलाला कसं आणू? ते म्हणाले, "तुम्ही नाही आणू शकणार. तो येईल तेव्हा येईल. तुम्ही फक्त त्याला पाठीशी घालणं थांबवा."

"मी कुठे पाठीशी घालते?"

"तो आजारी आहे अशी चिठ्ठी कारखान्यात कोण पाठवतं?"

मी चहा तसाच ठेवून निघून आले. आईने मुलाला पाठीशी घालू नये, हे मला शिकवणारा हा कोण?

पण पंचशीला, तिथे दहा-बारा वर्षं न प्यालेली माणसं आहेत. मी डोळ्यांनी बघितली. चेहरे स्वच्छ, हात थरथरत नाहीत. होऊ शकतं हे. एवढंच तुला कळवायचं होतं. आता तरी ये. घरात बायको-पोर असेल तर तो लवकर सुधारेल.

तुझी आत्या

*

२७ फेब्रुवारी १९८३

चि. सौ. पंचशीला हिस,
सप्रेम जयभीम.

चंदर मिटिंगला गेला.

मी चिठ्ठ्या लिहिणं थांबवलं. संक्रांतीनंतर तो तीन-चार दिवस कामावर गेला नाही, मी काही कळवलं नाही. कारखान्याने त्याला घरी बसवलं. त्या दिवशी त्याने जे शब्द वापरले ते मी कागदावर लिहीत नाही. आईला बोलले ते. मग दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "कुठाय ती तुझी शाळा?"

पहिल्या दिवशी पंधरा मिनिटांत परत आला. बाहेर पिंपळाखाली मी थांबले होते. म्हणाला, "ते लोक सुरुवातीला देवाची प्रार्थना म्हणतात. आपण बौद्ध. मी नाही देवापुढे हात जोडणार."

मी एवढी संतापले की रस्त्यातच बोलले. "रोज संध्याकाळी घरात पाचवं शील म्हणतोस, दारूपासून अलिप्त राहीन म्हणून. म्हणता म्हणता तोंडाला वास येतो. तेव्हा धर्म कुठे असतो तुझा? नेमका इथेच आठवला?"

शांतवन सर मागून आले होते. ते ख्रिस्ती, पण वाद घातला नाही. म्हणाले, "प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभा राहत जा. ती संपली की आत ये. दारू तुझा धर्म विचारत नव्हती, आम्हीपण विचारत नाही."

तेव्हापासून तो जातो. प्रार्थना होईपर्यंत बाहेर उभा राहतो, मग आत. कारखान्याने परत कामावर घेतलं. आता तू यायला काय हरकत आहे?

मित्राचा फ्रॉक आखूड होईल.

तुझी आत्या

*

२८ मे १९८४

चि. सौ. पंचशीला,
जयभीम.

वर्षभर मी लिहिलं नाही. तुलाही वाटलं असेल, सुटले.

खरं म्हणजे मागच्या वर्षी जयंतीला तो पुन्हा प्याला. मिरवणुकीत गेला तो तीन दिवसांनी सापडला. पत्र लिहायला घेतलं आणि फाडलं. तुला बरं वाटायला नको म्हणून.

पण मे महिन्यात परत जायला लागला आणि त्यानंतर थेंब नाही. यंदाच्या जयंतीला पांढरा शर्ट घालून लेझीम खेळला. बुद्धपौर्णिमेला त्याने स्वतः घराला चुना दिला. पगार माझ्या हातात देतो. कॉलनीतली माणसं त्याला "चंदरराव" म्हणायला लागली आहेत. धोंडाबाई आपल्या जावयाला त्याच्याकडे पाठवते.

काल त्याचं न पिण्याचं पहिलं वर्ष झालं. मिटिंगमध्ये अशा वेळी केक कापतात, घरच्यांना बोलावतात आणि त्या माणसाने सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायचा असतो. मी नवं लुगडं नेसून गेले. खोली भरलेली, दारात माणसं उभी.

तो उभा राहिला. म्हणाला, "मी चंदर. मी दारुडा आहे." मग सुरुवातीपासून सांगायला लागला. चांगलं बोलतो गं. मला माहीत नव्हतं. शाळेत कधी कविता म्हणायला उठला नाही तो. मग म्हणाला, "मी माझ्या बायकोचा हात मोडला. भाकरी करपली एवढंच कारण. खलबत्त्याचा दांडा हातात आला. माझी मुलगी दारात उभी होती. हात मोडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो." त्याने पाण्याचा घोट घेतला. "मी रडलो. तिला उचललं आणि सिव्हिलमध्ये नेलं. त्या रात्री मला कळलं की मी कोण झालोय."

पंचशीला, तुला सिव्हिलमध्ये मी नेलं. रिक्षातून. तू माझ्या खांद्यावर डोकं टाकलं होतंस आणि दातांत पदर धरला होतास. तो घरात झोपला होता. घोरत होता.

मग टाळ्या. किती वेळ वाजत होत्या. माणसं डोळे पुसत होती. एक बाई पुढे येऊन त्याच्या पाया पडली, म्हणाली, "भाऊ, माझ्या मालकाला एवढं सांगा." त्याला हार घातला. मीही टाळ्या वाजवल्या. वाजवायला लागले आणि माझेच हात मला दिसले. दोन्ही सरळ. मी ते पदराखाली घेतले.

घरी येताना बसमध्ये मी त्याला विचारलं, "हे पंचशीलाला सांगितलंस?"

"काय?"

"हेच. हाताचं."

"तिला माहीतच आहे की," म्हणाला. केकचा डबा त्याच्या मांडीवर होता.

तुझी आत्या

*

९ सप्टेंबर १९८४

पंचशीला,
जयभीम.

त्या दिवसापासून मी त्याच्या मागे लागले होते की निफाडला जा. प्रत्येक वेळी एकच उत्तर, "शांतवन सर म्हणतात घाई करू नका. आधी स्वतःला सावरा." मी म्हटलं, मोठ्या माणसाचं ऐकतोय, ऐकू दे.

मी आता स्वतःही जाते तिथे. घरच्या बायकांची वेगळी बैठक असते, शेजारच्या खोलीत. लताबाईंनीच नेलं. काल ती संपल्यावर मी शांतवन सरांना विचारलं, "सर, अजून किती दिवस थांबायचं त्याने?"

त्यांनी कप खाली ठेवला. "कशासाठी?"

"निफाडला जायला."

"बाई, मी त्याला गेल्या दिवाळीपासून सांगतोय. जा, तिच्यासमोर बस, माफी माग. तिला आणायला नको जाऊस, फक्त माफी माग. तो म्हणतो, आई जाऊ देत नाही. सुनेचं नाव काढलं की आईचं डोकं फिरतं, असं म्हणतो."

मी म्हटलं, "मला तो तुमचं नाव सांगतो." त्या माणसाचं तोंड एवढंसं झालं.

पिऊन खोटं बोलायचा तेव्हा मी म्हणायचे, हा नाही बोलत, दारू बोलते. शिव्या दिल्या, दारूने दिल्या. तुला मारलं, दारूने मारलं. आता सव्वा वर्ष झालं, दारू नाही घरात. मग कालपर्यंत माझ्याशी कोण बोलत होतं?

आजवर पत्रांतून मी तुला "ये" लिहीत आले. या पत्रात लिहीत नाही.

आत्या

*

२० जानेवारी १९८५

पंचशीला,
जयभीम.

तुला कोर्टाचा कागद येईल. घाबरू नकोस आणि न वाचता सही करू नकोस.

चंदरला फारकत हवी आहे. बायको विनाकारण घर सोडून गेली आणि नांदायला येत नाही, असं त्याने लिहून दिलंय. मनमाडला एक स्थळ आहे. मिटिंगमधल्या कोणाच्या तरी नात्यातलं. त्या मुलीचा बाप रेल्वेत आहे. तो म्हणाला म्हणे, "दारू सोडलेला माणूस कधीच न प्यालेल्या माणसापेक्षा पक्का." शांतवन सरांनी चंदरला खूप सुनावलं. त्यावर याने शरणपूरला जाणं सोडलं. आता देवळालीच्या मिटिंगला जातो.

मला त्याने साक्षीदार धरलंय. मी शिक्षिका, माझ्या शब्दाला वजन. मी सांगायचं की सुनेला परत बोलावून बोलावून मी थकले. खोटं नाही ते.

मी म्हटलं, "मला विचारलं तर मी हाताचंही सांगीन."

काल सकाळची गोष्ट. तो चहा पीत होता. ओरडला नाही, कप आपटला नाही. पूर्वीचा चंदर असता तर कप भिंतीवर गेला असता, आणि मला ते सोसलं असतं. हा शांतपणे म्हणाला, "आई, तू तिच्या बाजूने उभी राहिलीस तर मी पिईन. आत्ताच सांगून ठेवतो. मग मी मेलो तर तुझ्यामुळे मेलो."

आणि बशीतला चहा संपवून कामावर गेला.

मी बायकांच्या बैठकीत हे सांगितलं. लताबाई म्हणाल्या, "ज्याला प्यायचं तो पिईल, बाई. तुमच्यामुळे प्याला नव्हता, तुमच्यामुळे सोडली नाही, आता तुमच्यामुळे पिणारही नाही." बरोबरच असेल. पण ज्याने कपाळ भिंतीवर आपटून माझ्याकडे एका घोटाची भीक मागितली होती, तो मुलगा त्यांचा नव्हता. त्याच्या बापाला मी दारूनेच पोचवलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. पोटात पाणी झालं होतं. ते मरण कसं असतं हे मला ठाऊक आहे आणि चंदरलाही ठाऊक आहे, म्हणूनच त्याने नेमकं तेच काढलं.

मी कोर्टात काय बोलेन ते मला आज माहीत नाही. तुला खोटा धीर देत नाही. तू आपला वकील कर.

आत्या

*

१४ ऑगस्ट १९८५

पंचशीला,
जयभीम.

काल मित्राला घेऊन तू बाहेर व्हरांड्यात होतीस, म्हणून आत काय झालं ते लिहिते. वकील सांगतील, पण ते त्यांच्या पद्धतीने सांगतील.

हाताचंही सांगीन म्हटल्यावर चंदरने साक्षीदारांतून माझं नाव काढलं होतं, म्हणून तुझ्या वकिलांनी मला उभं केलं. त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. खलबत्त्याचा दांडा, मित्रा दारात, रिक्षा, सिव्हिल. चंदर समोर बसला होता. पांढरा शर्ट, केस नीट विंचरलेले. त्याच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवून गेले होते, पण बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. आणि मग त्याने हात वर केला, असा, अंगठा तोंडाकडे. पिण्याची खूण. बाकी कोणाच्या लक्षात आली नाही. मला आली.

मी बोलत राहिले. कसं ते विचारू नकोस. फळ्यावर लिहिताना मागे पोरं दंगा करतात, तरी आपण ओळ पूर्ण करतो, तसं.

मग त्याचे वकील उठले. "डॉक्टरांना तुम्हीच सांगितलं होतं ना, की सून मोरीत पडली?"

"हो."

"म्हणजे तुम्ही खोटं बोलता."

"तेव्हा बोलले."

"मग तेव्हाचं खोटं कशावरून? आताचंच खोटं नसेल कशावरून? कोर्टाने तुमच्या कुठल्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा?"

मी म्हटलं, "साहेब, ज्या बोलण्याने माझंच नुकसान होतंय त्यावर ठेवा."

न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं. मग मला बसायला सांगितलं.

बाहेर आले तर तू उभी होतीस. तीन वर्षं उलटली, मी तुला बघितलं नव्हतं. वाळलीस. डावा हात तू पदरात धरला होतास, पण मित्राने तो ओढला तेव्हा मला दिसला. कोपरातून पूर्ण उघडत नाही. मला त्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हाड जुळेल. जुळलं. वाकडं जुळलं.

मित्राने तुला विचारलं, "या कोण?" तू खाली वाकून तिची वेणी सारखी केलीस. जयराम म्हणाला, "आत्या हाय ती माझ्या पोरीची." आजी म्हणाला नाही.

आणि मग तू ते विचारलंस. "आत्या, हेच तेव्हा सिव्हिलमध्ये सांगितलं असतं तर?" आवाज चढवला नाहीस. मी तोंड उघडलं तोवर तू मित्राचा हात धरून जिना उतरायला लागली होतीस.

जयराम तेवढा थांबला. "अक्का, चल, चहा घे. तू आली हे लय झालं." मी नको म्हटलं. त्याने माझ्या हातात पिशवी दिली. त्यात द्राक्षं नव्हती, सीझन नाही. मेथी होती आणि थोडे शेंगदाणे. पंधरा वर्षांपूर्वी मला भेटायला यायचा तेव्हा आणायचा तसे.

घरी आले तर चंदरची ट्रंक नव्हती.

आत्या

*

२३ मार्च १९८६

चि. पंचशीला,
जयभीम.

चंदरचा अर्ज कोर्टाने फेटाळला, तुझ्या पोटगीचा हुकूम झाला, हे तुला माझ्या आधी कळलं असेल. मनमाडचं स्थळ मोडलं. तो सातपूरला खोली घेऊन राहतो. मला भेटत नाही. रस्त्यात दिसला तर पलीकडच्या बाजूने जातो.

आणि तो प्याला नाही.

हे तुला सांगायलाच हवं. ऑगस्टपासून मी रोज वाट बघत होते की कोणीतरी येईल आणि सांगेल, तुमचा चंदर गटारात पडलाय. कडी वाजली की हातातलं टाकून मी दाराशी जायचे. पोळ्या लाटता लाटता मी मनात त्याची प्रेतयात्रासुद्धा काढली आहे. दिवाळी गेली, सहा डिसेंबर गेला. शेवटी शांतवन सर देवळालीला जाऊन बघून आले. म्हणाले, "व्यवस्थित आहे, बाई. प्यालेला नाही. चांगला बोलतो. बायकोने टाकलं, आईने कोर्टात उभं केलं, तरी मी थेंब घेतला नाही, असं सांगतो. नवीन पोरांवर परिणाम होतो त्याचा."

माझा मुलगा जिवंत आहे, शुद्धीवर आहे. याच्यासाठी मी भगताच्या दारात बसले होते. मला आनंद व्हायला हवा आणि होतोही. पण मग त्याच्यामागून दुसरी एक गोष्ट येते आणि तो आनंद खाऊन टाकते. इतकं सगळं त्याच्या हातात होतं, म्हणजे तुझ्याकडे येऊन दोन शब्द बोलणंही त्याच्या हातात होतं. ते त्याने केलं नाही. दारू सोडण्यापेक्षा त्याला ते अवघड गेलं.

मी शनिवारी बायकांच्या बैठकीला जाते अजून. लताबाईंनी विचारलं, आता कशाला येता, मुलगा तर सुटला. मी म्हटलं, मी सुटले नाही.

काल तिथे नवीन बाई आल्या होत्या, भागीबाई नावाच्या. मुलगा पितो. सून येवल्याला माहेरी निघून गेली, आठ महिने झाले. कोणीतरी त्यांना सांगितलं की या बाई शिक्षिका आहेत, पत्र चांगलं लिहितात. त्यांनी कोरा कागद आणि पाकीट बरोबरच आणलं होतं. माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "बाई, असं लिवा की वाचून तिला रडू आलं पायजे. उद्याच्या उद्या गाडीत बसली पायजे."

मी विचारलं, "ती का गेली?"

"काय नाय वो. नवरा-बायकोचं भांडण."

"मारलं का त्याने?"

त्या खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग म्हणाल्या, "दारूत व्हतं थोडंफार."

मी कागद परत त्यांच्या पिशवीत घातला. म्हटलं, "भागीबाई, पत्र मी लिहिणार नाही. तुम्ही येवल्याला जा. तिला बोलवायला जाऊ नका. तिच्यापुढे बसा आणि तिला काय बोलायचं ते ऐकून घ्या. ती शिव्या देईल, देऊ द्या. मग परत या."

त्या म्हणाल्या, "तुमी गेल्या व्हत्या का?"

खोलीत बाकीच्या बायका होत्या. मी म्हटलं, "नाही."

येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने मी निफाडला येते आहे. तुला न्यायला नाही. चंदरचा निरोप घेऊन नाही, त्याचा काही निरोप नाही. साक्ष दिली त्याचं तू काही देणं लागतेस असंही समजू नकोस. जयरामला सांग, स्वयंपाक करू नका. दार उघडावंसं वाटलं नाही तर उघडू नकोस, मी ओट्यावर बसेन आणि दुपारच्या गाडीने परत जाईन.

उघडलंस, तर मी बोलणार नाही. आजवर या पत्रांतून मीच बोलत आले. तू बोल. त्या रात्री काय झालं ते, मी सिव्हिलमध्ये खोटं बोलले तेव्हा तू पडल्या पडल्या काय ऐकलंस ते, नंतर हात कसा गेला ते. जसं असेल तसं. मित्रा घरात असली तर तीही ऐकू दे. मी मधे एक शब्द काढणार नाही.

आत्या